दारातले तोतये

कोल्हापूरजवळच्या पेठ वडगावच्या बाजारपेठेतलं औषधाचं कुठलंही दुकान घ्या, काउंटरमागच्या फळ्यांवर चार औषधं शोधायला फार वेळ लागत नाही. मधुमेहामुळे तळपायांची आग होणाऱ्यांना दिलं जाणारं प्रीगाबालिन, त्याचंच थोरलं भावंड गाबापेंटिन, मणक्याच्या इजेनंतर किंवा पक्षाघातानंतर ताठरलेले स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन आणि कंपवातासाठी लेव्होडोपा. दुखणी वेगळी, चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर वेगळे, किमती वेगळ्या. रसायनाच्या दृष्टीनं मात्र चारही एकाच कुळातली, म्हणजे अमिनो आम्लं आहेत. रेणूत एकीकडे नायट्रोजनचा अमिनो गट, दुसरीकडे कार्बॉक्सिल हा आम्लाचा गट. आपण खाल्लेल्या डाळीतली, दुधातली, मटणातली प्रथिनं पचून ज्या तुकड्यांत मोडतात, त्यांचीही ठेवण हीच. चौघांचं कामाचं ठिकाणही एकच, मेंदू आणि मज्जारज्जू. आणि अमिनो आम्लाला तिथं पोचवायचं कसं, हे औषधशास्त्रातलं जुनं आणि चिवट कोडं आहे.

याच गावात अशोकराव माने कॉलेज ऑफ फार्मसी आहे. तिथं काय किंवा देशातल्या दुसऱ्या कुठल्या फार्मसी कॉलेजात काय, बी.फार्म.च्या सहाव्या सत्रात प्रोड्रग ही कल्पना शिकवली जाते. औषधाच्या रेणूला एखादा जास्तीचा तुकडा जोडायचा, त्या वेषात तो शरीरातल्या अवघड जागा ओलांडतो, आणि पुढे शरीरातलीच विकरं तो तुकडा कापून मूळ औषध मोकळं करतात. मेंदूसाठी या युक्तीचं नेहमीचं रूप म्हणजे रेणू अधिक चरबीस्नेही करणं. विद्युतभार झाका, स्निग्ध शेपूट लावा, रेणू पेशीच्या चरबीळ पडद्यातून आपोआप झिरपेल. परीक्षेत हे उत्तर लिहिलं तर गुण मिळतील, आणि ते चूकही नाही. पण अमिनो आम्लांच्या बाबतीत गेल्या साठ-सत्तर वर्षांचा पुरावा एकत्र मांडला, तर तो बहुतांशी दुसऱ्या बाजूला झुकतो असं माझं मत आहे. ज्या रेणूंनी आपली अमिनो आम्ल ही ओळख पुसली त्यांच्यापेक्षा, ज्यांनी ती जपून फक्त मधल्या अंगात बदल केला, ते मेंदूत अधिक चांगले पोचले.

आधी अडसर समजून घेऊ. १८८५ साली पॉल एर्लिकनं प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला. त्यानं अर्थ लावला की मेंदूला रंगाचं वावडं असावं. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या एडविन गोल्डमाननं १९१३ साली प्रयोग उलटा केला. रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तर मेंदू गडद रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे वावडं वगैरे काही नव्हतं, दोहोंच्या मध्ये भिंत होती. ती नेमकी कुठं आहे हे दिसायला १९६७ साल उजाडलं. रीझ आणि कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की दोन पेशींमधून काही निसटायला जागाच उरत नाही. या केशवाहिन्या सलग जोडल्या तर माणसाच्या एका मेंदूत अंदाजे सहाशे किलोमीटर भरतात, जवळपास कोल्हापूर ते बंगळूर. एवढा लांबलचक किनारा रक्ताला लागून आहे, तरी औषधाला उतरायला जागा नाही. पेशीतूनच जायचं तर तिचा चरबीचा पडदा ओलांडावा लागतो. अमिनो आम्लाच्या अंगावर रक्तात धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात. असा रेणू पाण्यात रमतो, चरबीत शिरायला तयार होत नाही.

म्हणून भार झाकायची कल्पना सुचणं स्वाभाविक होतं, आणि तिच्या बाजूनं एक जबरदस्त उदाहरणही होतं. मॉर्फिनच्या दोन हायड्रॉक्सिल गटांवर अ‍ॅसिटिल गट चढवले की हेरॉइन होतं, आणि ते मेंदूत मॉर्फिनपेक्षा कितीतरी वेगानं शिरतं. पण मॉर्फिन अमिनो आम्ल नाही. अमिनो आम्लांच्या कुळात पहिलं मोठं यश मिळालं ते नेमक्या उलट दिशेनं. त्या यशाचा एक धागा मुंबईतून जातो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं, आणि रेसर्पिन जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसननं ते सशांना टोचलं तेव्हा ससे दगडासारखे बसून राहिले, कारण त्यांच्या मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा झाला होता. डोपामिन रक्तातून देऊन उपयोग नव्हता, ते अडसर ओलांडत नाही. कार्लसननं डोपा, म्हणजे डोपामिनचं पूर्वरूप असलेलं अमिनो आम्ल, टोचलं, आणि ससे उठून हालचाल करू लागले. हे १९५७ साली प्रसिद्ध झालं. १९६१ साली व्हिएन्नात बिर्कमायर आणि होर्निकिएविच यांनी कंपवाताच्या रुग्णांना लेव्होडोपा, म्हणजे डोपाचंच एक रूप, शिरेतून दिलं, १९६७ साली कोट्झियासनं डोपा मोठ्या मात्रेत तोंडानं दिलं, आणि एक उपचार उभा राहिला.

इथं जरा थांबून रेणूकडे बघायला हवं, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. डोपा म्हणजे डोपामिन अधिक एक कार्बॉक्सिल गट. डोपामिनला एक भार आहे, डोपाला दोन. चरबीस्नेहाच्या हिशोबानं डोपा हा बिघडवलेला रेणू आहे, आधीपेक्षा जास्त पाणथळ, जास्त भारित. झिरपण्याचा नियम एवढाच खरा असता तर डोपा डोपामिनच्याही मागे राहायला हवं होतं. ते आत जातं, आणि आत गेल्यावर मेंदूतलं विकर तोच कार्बॉक्सिल गट काढून टाकून डोपामिन बनवतं. हीसुद्धा प्रोड्रगच, फक्त जोडलेला तुकडा स्निग्ध नसून आम्लाचा आहे. त्या एका गटामुळे डोपामिनला अमिनो आम्लाचा चेहरा आला.

असं का होतं, याचं प्रायोगिक उत्तर विल्यम ओल्डेनडॉर्फनं १९७१ साली लॉस एंजेलिसला दिलं. उंदराच्या मानेतल्या धमनीत किरणोत्सारी खूण लावलेला पदार्थ सोडायचा आणि पंधरा सेकंदांत मेंदूत त्यातला किती उतरला ते मोजायचं, इतका सरळ प्रयोग. ल्यूसीन, फेनिलअलानीन, टायरोसीन ही मोठ्या अंगाची अमिनो आम्लं भराभर आत जात होती. डोपाही जात होतं. गाबा, ग्लायसीन, ग्लुटामेट मात्र जवळजवळ बाहेरच राहत होते. मेंदूला स्वतःची प्रथिनं आणि संदेशवाहक रसायनं बनवायला काही अमिनो आम्लं बाहेरून लागतात, आणि त्यांच्यासाठी केशवाहिन्यांच्या पेशींत खास वाहक प्रथिनं बसवलेली असतात. त्यातल्या मुख्य वाहकाचं जनुक १९९८ साली हाती आलं, त्याला लॅट-१ म्हणतात. हा वाहक अमिनो टोक आणि कार्बॉक्सिल टोक धरून बघतो, मधला भाग पुरेसा मोठा आणि पाण्याला नाखूष आहे का ते चाचपतो, आणि पटलं तर पलीकडे सोडतो. बाकी चौकशी तो फारशी करत नाही. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया १७७६ साली कोकणातले किल्ले एकेक करून ताब्यात घेऊ शकला तो काही तटाला भगदाड पाडून नव्हे. ओळखीचा चेहरा दाखवला की दार आतून उघडतं. लेव्होडोपा हा टायरोसीनचा तोतया आहे.

या म्हणण्याची कसोटी घ्यायची तर दोन सख्ख्या रेणूंची तुलना मला सर्वांत बोलकी वाटते. मिथाइलडोपा हे गरोदरपणातल्या रक्तदाबासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरलं जाणारं औषध आहे. डोपाच्या सांगाड्यावर एक मिथाइल गट बसवला की ते तयार होतं. त्याची दोन्ही टोकं शाबूत आहेत, ते अडसर ओलांडतं आणि मेंदूत शिरून रक्तदाब उतरवतं. आता याच रेणूच्या अमिनो टोकाला आणखी एक नायट्रोजन जोडा, म्हणजे अमिनोच्या जागी हायड्रॅझिन गट येईल. तो झाला कार्बिडोपा. बाकी सगळं तेच, फरक एका टोकाचा. आणि कार्बिडोपा मेंदूत जात नाही. कंपवाताच्या गोळीत लेव्होडोपाच्या सोबत ते घालतात ते याच अवगुणासाठी. लेव्होडोपा एकटं दिलं तर आतडं, यकृत, रक्तवाहिन्या यांतलं विकर त्याचं वाटेतच डोपामिन करून टाकतं आणि मेंदूला जेमतेम एक टक्का मिळतो. कार्बिडोपा हे विकर शरीरभर रोखतं, पण मेंदूत शिरत नसल्यानं तिथलं विकर मोकळं राहतं. ज्या औषधानं आत जायला हवं त्याची टोकं जपली, ज्यानं बाहेर राहायला हवं त्याचं एक टोक बिघडवलं. एकाच पाकिटात दोन्ही बाजूंचा पुरावा मिळतो, असं औषधशास्त्रात वरचेवर घडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं नंतर लावलेलं शहाणपण आहे, संशोधक तर चरबीस्नेहाच्याच मागे होते. आक्षेप रास्त आहे. गाबाची कहाणी त्याचीच साक्ष देते. गाबा हे मेंदूतलं मुख्य शामक रसायन, १९५० साली मेंदूत सापडलं, आणि तेव्हापासून ते गोळीतून देता यावं म्हणून खटपट सुरू झाली. लेनिनग्राडच्या रसायनशास्त्रज्ञांनी गाबाच्या साखळीवर फेनिल कडं चढवून फेनिबट बनवलं. ते पुढे सोव्हिएत अंतराळवीरांच्या औषधपेटीतही गेलं. १९६२ साली सिबाच्या हाइनरिख केबर्लेनं त्या कड्यावर क्लोरीनचा अणू बसवला आणि बॅक्लोफेन हाती आलं. अपस्मारावर ते फिकं पडलं, पण ताठर स्नायूंवर कामी आलं. सत्तरीच्या दशकात जर्मनीतल्या गोडेके कंपनीत गेरहार्ड झात्सिंगर आणि सहकाऱ्यांनी गाबाच्या साखळीत सायक्लोहेक्झेनचं कडं गुंफलं, हेतू हाच की रेणू स्निग्ध होऊन आत झिरपावा. ते गाबापेंटिन. अमेरिकेत १९९३ साली त्याला मान्यता मिळाली. मग उलगडलं की ते गाबाच्या ग्राहक प्रथिनांना हातही लावत नाही, १९९६ साली त्याचं खरं लक्ष्य म्हणून कॅल्शियमच्या वाहिनीचा एक उपघटक पुढे आला. आणि आत जातं तेही झिरपून नव्हे, ल्यूसीनच्या वाटेनं. स्निग्ध कड्याचा उपयोग झाला खरा, पण पडदा भेदायला नाही. दोन मोकळी टोकं आणि मध्ये भरदार स्निग्ध अंग, हे रूप वाहकाला ल्यूसीनसारखं भासलं. प्रीगाबालिनचं तसंच झालं. सिल्व्हरमन आणि आंद्रुश्किएविच यांनी ते १९८९ च्या सुमारास बनवलं तेव्हा मनात वेगळीच यंत्रणा होती, तीही पुढे खोटी ठरली. तेही याच कुळातल्या वाहकांचा आधार घेतं, कोणत्या वाहकाचा वाटा किती यावर अजून एकमत नाही. पण रचनाकारांचा तर्क चुकला म्हणून निसर्गानं दिलेला निकाल चुकीचा ठरत नाही. उलट निरनिराळ्या कल्पना मनात धरून निघालेली माणसं एकाच दारातून आत शिरली, तर तो पुरावा अधिक वजनदार मानायला हवा, कारण त्यात कुणाची इच्छा मिसळलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. टोकं झाकून किंवा शेपूट लावूनही यश मिळाल्याची उदाहरणं आहेत, त्यांचं काय? टियागाबिन घ्या. निपेकोटिक आम्ल हे गाबाचं पुनर्शोषण रोखणारं लहानसं अमिनो आम्ल काचेच्या नळीत उत्तम चालायचं, पण अडसर ओलांडत नव्हतं. त्याच्या नायट्रोजनवर दोन थायोफीन कड्यांचं भलंमोठं स्निग्ध शेपूट बसवलं आणि अपस्मारावरचं औषध तयार झालं, १९९७ साली अमेरिकेत मान्य झालं. हा शुद्ध झिरपण्याचा विजय आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. पण त्याची अट बघा. ते शेपूट पुढे कापलं जात नाही, शेपटासकटचा रेणूच लक्ष्याला चिकटतो आणि आधीपेक्षा घट्ट चिकटतो. असं भाग्य प्रत्येक अमिनो आम्लाच्या वाट्याला येत नाही, बहुतेकांचं लक्ष्य मोकळी, आटोपशीर टोकंच मागतं. गाबाचीच दोन्ही टोकं झाकून प्रोगाबाइड बनवलं गेलं. ते मेंदूत पोचायचं, फ्रान्समध्ये वापरातही आलं, पण यकृतावरच्या दुष्परिणामांमुळे मागे पडलं. स्निग्ध रेणूची ही जुनी खोड आहे. त्याला मेंदूचा पडदा जसा सोपा, तसा शरीरातला प्रत्येक पडदा सोपा. तो सगळीकडे जातो, यकृताच्या हाती भरपूर लागतो, आणि मेंदूत आलेला तितक्याच सहज बाहेरही पडतो.

अमिनो आम्लांच्या ज्या प्रोड्रग रुग्णांपर्यंत पोचल्या त्याही जवळून पाहिल्या तर वेगळंच चित्र दिसतं. लेव्होडोपाचं कार्बॉक्सिल टोक झाकून इथाइल एस्टर केला, त्याला एटिलेव्होडोपा म्हणतात. पाण्यात तो झटकन विरघळतो, रक्तातही लवकर उतरतो. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णाला गुण येण्याची वेळ काही साध्या गोळीपेक्षा अलीकडे आली नाही. फॉसलेव्होडोपावर फॉस्फेटचा गट बसवला आहे. त्यामुळे औषध पाण्यात इतकं विरघळतं की कातडीखालच्या बारीक नळीतून चोवीस तास देता येतं. जपाननं २०२२ साली आणि अमेरिकेनं २०२४ साली त्याला मान्यता दिली. गाबापेंटिनची अडचण आतड्यात आहे. तिथला वाहक लवकर भरून जातो, म्हणून दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतले तर साधारण साठ टक्के शोषले जातात, ४८०० घेतले तर सत्तावीसच. गाबापेंटिन एनाकार्बिलमध्ये अमिनो टोक झाकून आतड्यातल्या दुसऱ्याच वाहकांची सोय केली, हे औषध २०११ साली आलं. तिन्ही बदल हुशारीचे आहेत, पण तिन्ही वेष अडसरापाशी येण्याआधीच उतरवले जातात. मेंदूच्या दारात उभं राहतं ते जुनंच लेव्होडोपा आणि जुनंच गाबापेंटिन. रासायनिक बदलानं मेंदूतला पुरवठा सुधारला, असं कुणी म्हणालं की बदललेला रेणू नक्की कुठपर्यंत टिकला हे आधी विचारावं. बहुतेकदा उत्तर आतडं किंवा रक्त असं येतं.

मग तोतयाचा मार्ग कुणी ठरवून, आधी नकाशा आखून वापरला आहे का? आहे. फिनलंडमधल्या क्वोपिओच्या संशोधकांनी २००८ पासून हाच प्रयोग चालवला. केटोप्रोफेन हे सांधेदुखीवरचं साधं औषध, अमिनो आम्लाशी त्याचा काही संबंध नाही. त्याला त्यांनी टायरोसीन जोडलं, असं की टायरोसीनची दोन्ही टोकं मोकळी राहतील. उंदरांच्या मेंदूत ते शिरलं, आणि वाहकाला अडवणारा दुसरा रेणू सोबत दिला की प्रवेश रोडावला. म्हणजे वाट वाहकाचीच होती. पुढे त्यांना असंही आढळलं की कड्यावर जोडणी कुठल्या जागी केली यानं फरक पडतो, टोकांच्या बरोबर समोर जोडण्यापेक्षा किंचित बाजूला जोडलेलं ओझं वाहकाला अधिक मानवतं. या साऱ्यातून अजून रुग्णाच्या हाती गोळी आलेली नाही हे खरं, आणि दारातून आत गेलं म्हणजे काम फत्ते असंही नाही. चार-क्लोरोकायन्युरेनिन नावाचा रेणू याच वाहकाच्या मदतीनं मेंदूत जातो, आत गेल्यावर त्यापासून हवं ते सक्रिय रसायन बनतं, पण २०१९ साली नैराश्यावरच्या चाचणीत तो बिनऔषधी गोळीच्या वर चढू शकला नाही. पोचवणं आणि बरं करणं या दोन निराळ्या परीक्षा आहेत.

तोतयेगिरीची खरी मर्यादा मात्र कोल्हापूरकरांच्या ताटात आहे. लॅट-१ हा वाहक रक्तातल्या नेहमीच्या अमिनो आम्लांनीच जवळजवळ भरलेला असतो. तोतयाला अस्सल मानकऱ्यांच्या रांगेतच उभं राहावं लागतं, आणि रांग वाढली की त्याचा नंबर मागे जातो. वारणेच्या खोऱ्यातल्या म्हशीच्या घट्ट दुधाचा पेला, उसळ, अंडी, पांढऱ्या-तांबड्या रश्शाबरोबरचं मटण, यांच्या पचनानंतर ल्यूसीन, आयसोल्यूसीन, फेनिलअलानीन रक्तात दाटतात. १९८४ साली नट नावाच्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या नऊ रुग्णांवर हे नेमकं उघड केलं. लेव्होडोपा शिरेतून सतत चालू ठेवलं होतं, रक्तातलं प्रमाण घसरलेलं नव्हतं, तरी प्रथिनांचं जेवण पोटात गेल्यावर हातपाय पुन्हा आखडले. फेनिलअलानीन, ल्यूसीन, आयसोल्यूसीन नुसतीच दिली तरी तेच घडलं. ग्लायसीन आणि लायसीन तेवढ्याच मात्रेत देऊन काही झालं नाही, कारण त्यांचं दार वेगळं. म्हणून डॉक्टर सांगतात की गोळी जेवणाच्या आधी घ्या, दुधाबरोबर घेऊ नका, आणि काही रुग्णांना दिवसाची बरीचशी प्रथिनं रात्रीच्या जेवणावर ढकलायला सांगतात. प्रथिनं सोडून द्या असं कुणी शहाणा डॉक्टर सांगत नाही, आधीच वजन घटणाऱ्या रुग्णाला ते परवडणारं नसतं. स्निग्ध रेणूला ही अडचण आली नसती, हा त्या बाजूचा मुद्दा मी मोकळेपणी मान्य करतो.

आणि टोकं शाबूत असणं पुरेसंही नाही, हे बॅक्लोफेन दाखवतं. तोंडानं दिवसाला ८० मिलिग्रॅमपर्यंत देऊनही ज्यांचे स्नायू सैल होत नाहीत त्यांच्यासाठी पोटाच्या कातडीखाली पंप बसवून औषध थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात, अमेरिकेत याला १९९२ साली मान्यता मिळाली. तिथं दिवसाला काही शे मायक्रोग्रॅम पुरतात. मिलिग्रॅमवरून मायक्रोग्रॅमवर येणारा हा आकडा म्हणजे दारात अडून राहिलेल्या औषधाचं मोजमापच आहे. वाहक बॅक्लोफेनला ओळखतो, पण ओढीनं नाही.

शेवटचा आक्षेप आपल्या मातीतला आहे, आणि तो आवेशानं घेतला जातो. रसायनांचे हे खेळ हवेतच कशाला, आयुर्वेदात कंपवातावर आत्मगुप्ता होतीच की. आत्मगुप्ता म्हणजे खाजकुयली. पन्हाळा, शाहूवाडीकडच्या झाडोऱ्यात तिच्या वेली चढतात, आणि शेंगांवरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली दाखवलं. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली या बियांच्या कंपवातावरच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे झंडूनं बियांची पूड एचपी-२०० या नावानं तयार केली आणि १९९५ साली साठ रुग्णांवरच्या बारा आठवड्यांच्या चाचणीचे चांगले निष्कर्ष आले. हे काम मोलाचं आहे. पण त्यानं माझ्या मुद्द्याला बाध येत नाही, बळकटीच येते. वेलीनं बनवलेला रेणू आणि कारखान्यात बनलेला रेणू तोच, मेंदूच्या दारात दोघांमध्ये भेद नाही. टायरोसीनवर एक हायड्रॉक्सिल चढवायचा आणि टोकांना हात लावायचा नाही, हा बदल वेलीनं स्वतःच केलेला आहे. वेलीपाशी नाही तो कार्बिडोपा.

त्याची किंमत आकड्यांत दिसते. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या तुलनेत तीस ग्रॅम पूड, म्हणजे साधारण हजार मिलिग्रॅम लेव्होडोपा, एका बाजूला होतं आणि कार्बिडोपासह दोनशे मिलिग्रॅमची गोळी दुसऱ्या बाजूला. पुडीनं अर्ध्या वेळात, सुमारे चौतीस मिनिटांत, गुण दिला आणि तो अधिक टिकलाही. पण त्यासाठी लेव्होडोपा पाचपट लागलं. बोलिव्हियातल्या रुग्णांवर इटालियन डॉक्टरांनी २०१७ साली अधिक काटेकोर तुलना केली. त्यात अठरा रुग्णांत एकाच मात्रेपुरती पूड सरस वाटली, अनैच्छिक हालचालीही कमी दिसल्या. त्यामुळे बियांत लेव्होडोपाशिवाय आणखी काही असावं ही शंका निराधार म्हणता येत नाही. मग त्याच गटानं चौदा रुग्णांना ही पूड सोळा आठवड्यांच्या अभ्यासात रोज दिली. सात जणांना ती मधेच थांबवावी लागली, चौघांना पोटाच्या तक्रारींमुळे आणि तिघांना हालचाली बिघडत गेल्यामुळे. पोटाची ही तक्रार नवी नाही. रोश कंपनीच्या मार्कुस गुगेनहाइमनं १९१३ साली बाकल्याच्या शेंगांतून लेव्होडोपा वेगळं केलं आणि अडीच ग्रॅम स्वतः खाऊन पाहिलं, तेव्हा त्याला जोराच्या उलट्या झाल्या होत्या. मेंदूतलं उलटीचं केंद्र जिथं आहे तिथं रक्त आणि मेंदू यांच्यातली शिवण सैल असते, आणि वाटेत तयार झालेलं डोपामिन तिथं बाहेरूनच पोचतं.